शाळकरी मुलांची झोप: आधी सकाळ लावून घ्या, रात्र मागोमाग येते

मुलाला झोपवता येत नाही. दिवा मालवता येतो, अंथरूण घालता येतं, दार लोटून घेता येतं; पण डोळा लागणं कोणाच्याच हातात नसतं, मुलाच्याही नाही. उठवता मात्र येतं. झोपेची विस्कटलेली घडी बसवायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. "झोप आता", "किती वेळा सांगायचं", "उद्या शाळा नाही का" यात रात्रीचा तास जातो, मूल अंथरुणात टक्क जागं राहतं आणि सकाळी त्याची दया येऊन त्याला आणखी वीस मिनिटं झोपू दिलं जातं. त्या वीस मिनिटांनी पुढची रात्र पुन्हा बिघडते.

पुढची पद्धत ६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ती अंगवळणी पडायला साधारण तीन आठवडे लागतात आणि त्यातला पहिला आठवडा नुसता पाहण्याचा आहे.

किती झोप हवी, आणि गणित कसं मांडायचं

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये वयानुसार आकडे ठरवून दिले: ६ ते १२ वर्षांसाठी ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तास. हे तास झोपेचे आहेत, अंथरुणात घालवलेल्या वेळेचे नाहीत. डोळा लागायला १५-२० मिनिटं जातात, रात्रीत दोन-चारदा कूस बदलताना क्षणभर जाग येते. म्हणून दिवा बंद करण्याची वेळ काढताना अर्धा तास वाढवून धरायचा.

गणित सकाळकडून मागे मोजत यायचं. अकरा वर्षांच्या मुलीला सव्वासहाला उठावं लागतं आणि तिला साडेनऊ तास झोप लागते असं धरू. म्हणजे पावणेनऊच्या आत डोळा लागला पाहिजे, आणि सव्वाआठला दिवा बंद. हा आकडा पाहून बहुतेक पालक दचकतात, कारण त्या वेळी घरात अजून जेवणंही उरकलेली नसतात. अशा वेळी सकाळही तपासून पाहा. दप्तर रात्री भरलं, कपडे काढून ठेवले, अंघोळ संध्याकाळवर ढकलली, तर उठण्याची वेळ वीस मिनिटं पुढे सरकू शकते. सकाळी वाचलेली वीस मिनिटं ही रात्री भांडून मिळवलेल्या वीस मिनिटांपेक्षा फार स्वस्त असतात.

आपल्या मुलाची गरज नऊ तासांची की अकरा, हे त्याच्या दिवसावरून कळतं. गजर झाल्यावर थोड्याच वेळात उठतं, सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त झोपत नाही, छोट्याशा प्रवासात लगेच पेंगत नाही, तर झोप पुरेशी आहे. अपुरी झोप झालेलं लहान मूल मात्र झोपाळू दिसत नाही. ते उड्या मारतं, हट्ट करतं, क्षुल्लक कारणावरून रडतं. कित्येकदा त्याला चंचल, लक्ष न देणारं म्हणून शिक्का बसतो. मोठ्या मुलांमध्ये चिडचिड, विसरभोळेपणा आणि पहिल्या तासाला वर्गात लागणारी डुलकी दिसते. "आमचा तर पडल्या पडल्या झोपतो" हे कौतुकाने सांगितलं जातं, पण रोज पाच मिनिटांच्या आत डोळा लागत असेल तर ती बहुधा साचलेल्या झोपेची थकबाकी असते.

पहिला आठवडा: नुसती नोंद

अंथरुणाजवळ कागद ठेवा. त्यावर रोज पाच गोष्टी लिहायच्या: दिवा कधी बंद झाला, अंदाजे डोळा कधी लागला, रात्री जाग आली का, सकाळी किती वाजता उठलं (आपणहून की उठवून), दिवसा डुलकी घेतली का. जोडीला दुपारनंतरची चहा-कॉफी आणि स्क्रीन बंद झाल्याची वेळ. आठवड्यात सुट्टीचे दिवस आलेच पाहिजेत. या सात दिवसांत काहीही बदलू नका. बारा वर्षांपुढच्या मुलाने नोंद स्वतः करावी. रोज ती तपासायला मागू नका, शेवटी एकदा एकत्र बसून पाहा.

हातातल्या घड्याळासारखी जी उपकरणं झोप मोजतात, ती हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. झोपण्या-उठण्याच्या वेळांसाठी ती बरी. "गाढ झोप किती" हा त्यांचा आकडा पाहून मात्र काळजी करत बसू नये.

आठवड्याअखेरी दोनच आकडे काढायचे. शाळेच्या रात्री सरासरी किती वाजता डोळा लागतो, हा पहिला. सुट्टीच्या आणि शाळेच्या दिवशी उठण्यात किती फरक पडतो, हा दुसरा. फरक दोन तासांहून अधिक असेल तर मुलाची झोप आठवडाभर कमी पडते आहे, किंवा त्याचं शरीर उशिराच्या वेळापत्रकावर चालतं आहे, बहुधा दोन्ही.

शरीरात काय चालतं

झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. एक म्हणजे झोपेची भूक. जाग आल्या क्षणापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि जितका वेळ जागं राहावं तितकी ही भूक वाढते. म्हणूनच उशिरा उठलेल्या मुलाला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. त्याला अजून पुरेशी भूकच लागलेली नसते. दुसरी गोष्ट मेंदूतलं घड्याळ. ते प्रकाशावर चालतं आणि त्याचा दिवस बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं उशिराकडे घसरतं. जागरण सोपं आणि लवकर झोपणं अवघड, यामागचं हे मोठं कारण आहे.

वयात येताना दोन्हींत बदल होतो. घड्याळ तासा-दोन तासांनी उशिरा सरकतं आणि झोपेची भूकही सावकाश साठू लागते. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की ही घसरण केवळ सवयीची नाही, ती शरीर वयात येण्याशी जोडलेली आहे. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला झोप येत नाही तेव्हा तो आळशीपणा किंवा उद्धटपणा करत नसतो. झोपेची गरज मात्र त्याच्या घड्याळाबरोबर घटलेली नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली ती याच कारणाने, आणि २०२२ पासून कॅलिफोर्निया राज्यात मोठ्या वर्गांच्या बहुतेक सरकारी शाळांना तसा कायदा लागू झाला. शाळेची वेळ बहुतेक पालकांच्या हातात नसते. संध्याकाळ, प्रकाश आणि अभ्यासाची वेळ मात्र असते.

आणखी एक गोष्ट पालकांना ठाऊक असणं फार गरजेचं आहे. रोजच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर दिवसातल्या सर्वांत ताज्या अवस्थेपैकी एकीत असतं. रोज अकराला झोपणाऱ्या मुलाला "आजपासून नऊला" म्हणून आडवं केलं, तर आपण त्याला नेमकं त्या टवटवीत वेळेत अंथरुणात कोंबतो. तो दोन तास तळमळतो, अंथरुणाचा त्याला वीट येतो आणि चौथ्या दिवशी आपणही नाद सोडतो.

पहिली पायरी: उठण्याची वेळ बांधा

शाळेच्या दिवसांसाठी एकच वेळ ठरवा. सुट्टीला लहान मुलांनी तासाभरापेक्षा जास्त उशीर करू नये. किशोरवयीनांना सुरुवातीला दोन तासांची सूट द्या, घडी बसू लागली की ती दीडवर आणा.

गजराचं घड्याळ हाताला येणार नाही अशा अंतरावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला हवं. गजर एकच. दर दहा मिनिटांनी पुन्हा वाजणारा गजर झोपेचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांतून विश्रांती मिळत नाही. त्यापेक्षा शक्य तितका उशिराचा एकच गजर लावून पूर्ण झोप घेऊ द्यावी. गजर होताच पडदे उघडा किंवा मोठा दिवा लावा. पाय जमिनीवर, तोंडावर पाणी, आणि पाच मिनिटांत मूल झोपायच्या खोलीबाहेर.

उठल्यावरची पहिली १५ ते ३० मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो. या वेळात मूल उत्तरं देतं आणि त्यातलं बरंचसं त्याला नंतर आठवत नाही. म्हणून कालच्या गुणपत्रिकेचा विषय, सूचना, बोलणी, यातलं काहीही तेव्हा नको.

नऊ-दहा वर्षांपर्यंत उठवण्याचं काम पालकांचं. त्यानंतर गजर मुलाचा, आणि गजरानंतर पालकांनी एकदाच येऊन जागं झाल्याची खात्री करायची. पाचदा हाक मारली की मुलाला कळतं, पहिल्या चार हाका खऱ्या नसतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. सुट्टीत अकराला उठणाऱ्या मुलाला एकदम सहाला उठवून लख्ख उजेडात नेऊ नये. त्याच्या शरीराच्या हिशेबाने ती अजून मध्यरात्र असते आणि त्या वेळचा तीव्र प्रकाश घड्याळ अलीकडे आणण्याऐवजी आणखी उशिराकडे ढकलू शकतो. अशा वेळी उठण्याची वेळ दर एक-दोन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणा.

दुसरी पायरी: सकाळी उजेड, रात्री अंधार

उठल्यानंतरच्या पहिल्या तासात २०-३० मिनिटं बाहेरचा उजेड डोळ्यांवर पडला पाहिजे. (सूर्याकडे बघायचं नाही, उजेडात वावरायचं.) घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण १०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स मिळतात. शाळेपर्यंत चालत जाणं यात मोजलं जातं. ते जमत नसेल तर सकाळचं खाणं खिडकीला खेटून.

रात्री याच्या उलट. झोपण्याच्या दीड-दोन तास आधी छताचे पांढरे दिवे बंद करून एखादा मंद, पिवळसर दिवा ठेवा. वयात येण्याआधीच्या आणि नुकत्याच वयात येऊ लागलेल्या मुलांवर रात्रीच्या प्रकाशाचा परिणाम मोठ्या मुलांपेक्षा जास्त होतो. दहा वर्षांचं मूल साडेआठपर्यंत झगझगीत दिव्याखाली गृहपाठ करत असेल तर तिथेच अर्धी झोप उडते. टेबलावरचा दिवा पुस्तकावर रोखलेला असावा, डोळ्यांवर नव्हे.

तिसरी पायरी: रात्र पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे

नोंदीतून निघालेली डोळा लागण्याची सरासरी वेळ घ्या आणि सुरुवातीला मुलाला जवळपास तेव्हाच झोपायला पाठवा. होय, हव्या त्या वेळेपेक्षा उशिरा. अंथरूण म्हणजे तळमळ ही गाठ आधी सुटली पाहिजे. अंगाला अंथरूण लागलं की झोप येते, हा अनुभव पुन्हा मिळाला पाहिजे.

समजा तेरा वर्षांच्या मुलाचा डोळा साडेअकराला लागतो आणि तो साडेसहाला उठतो. पहिल्या तीन रात्री दिवा सव्वाअकराला बंद करा. तिन्ही रात्री वीस मिनिटांच्या आत झोप लागली की अकरा. पुन्हा तीन रात्री, मग पावणेअकरा. असं करत दहापर्यंत यायला पंधरा रात्री लागतात. सकाळची वेळ या काळात जराही हलवायची नाही, कारण संध्याकाळी लागणारी झोपेची भूक तिथूनच येते. एखाद्या टप्प्यावर अडलं तर एक पायरी मागे जाऊन दोन रात्री थांबा.

पहिले चार-पाच दिवस मूल पेंगुळलेलं, कुरकुरं असणार. म्हणून परीक्षेच्या, सामन्यांच्या किंवा सहलीच्या आठवड्यात याची सुरुवात करू नका.

इथे ठरावीक चुका होतात. दोन रात्री छान गेल्या की पालक एकदम अर्धा तास अलीकडे उडी मारतात. मूल शाळेतून येऊन तासभर झोपतं आणि ते कोणी मोजत नाही. तिसरं कारण जरा नाजूक आहे: आई किंवा बाबा कामावरून उशिरा येतात आणि मुलाला भेटायची वेळ तीच असते. ही ओढ खरी आहे, ती दाबून टाकू नये. पण ती भेट सकाळच्या खाण्याला, शाळेच्या वाटेवर किंवा दिवा मंद करून अंथरुणाशेजारच्या दहा मिनिटांत बसवावी. घरात शिरताच दंगामस्ती सुरू झाली की ताज्या झालेल्या मुलाला पुन्हा शांत व्हायला तासभर लागतो.

झोपण्याआधीचा तास

लहान मुलांसाठी रोज तोच क्रम ठेवा. कोमट पाण्याने अंघोळ झोपेच्या एक-दीड तास आधी (त्यानंतर शरीर थंड होत जातं आणि झोपेला मदत होते), दप्तर, दात, लघवी, अंथरूण, गोष्ट, दिवा. अंघोळ वगळून हे सगळं ३०-४० मिनिटांत व्हावं आणि एकाच दिशेने सरकावं: एकदा झोपायच्या खोलीत गेल्यावर बैठकीत परत येणं नाही. मुलाला सर्वांत आवडणारी गोष्ट शेवटी ठेवा. शेवटी कंटाळवाणं काम उरलं तर त्याने घाई का करावी?

आता फोन. त्याचा दोष नुसत्या निळ्या प्रकाशावर टाकला जातो, म्हणून स्क्रीन पिवळी केली की काम झालं असं वाटतं. प्रकाशाचा वाटा आहे, पण त्याहून मोठी चोरी वेळेची असते, आणि त्याहून मोठा अडथळा असतो त्यातल्या मजकुराचा. मित्रांबरोबर खेळताना हरलेला डाव, कोणीतरी टाकलेला खोचक संदेश, अर्ध्यावर थांबलेली मालिका. हे सगळं स्क्रीन विझल्यावरही डोक्यात चालू राहतं. शिवाय उशाशी पडलेला फोन मध्यरात्री वाजतो.

म्हणून नियम जागेचा करा. सगळ्यांच्या फोनची रात्रीची जागा झोपायच्या खोलीबाहेर, चार्जरही तिथेच. सगळ्यांच्या म्हणजे आई-बाबांच्याही. मोठ्यांचे फोन उशाशी आणि मुलांचे बाहेर, असा नियम आठवडाभरही टिकत नाही. लहान मुलांचा फोन झोपेच्या तासभर आधी, किशोरवयीनांचा किमान अर्धा तास आधी तिथे जावा. "गजरासाठी लागतो" यावर उत्तर म्हणजे साधं गजराचं घड्याळ.

ऑनलाइन खेळाच्या बाबतीत "साडेनऊला बंद" हा नियम रोज भांडण घडवतो, कारण चालू डाव मध्येच थांबवता येत नाही आणि सोडला तर सोबतचे खेळाडू चिडतात. एक डाव किती मिनिटं चालतो ते मुलालाच विचारा आणि शेवटचा डाव किती वाजेपर्यंत सुरू करता येईल ती वेळ ठरवा. मालिकांसाठी पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. गटातल्या गप्पा सोडून जाणं किशोरवयात खरोखर जड जातं. तेव्हा मुलाला आपलं नाव पुढे करायची मोकळीक द्या: "आमच्याकडे दहाला फोन बाहेर जातो, आई ऐकत नाही." मित्रांसमोर मान खाली न घालता बाहेर पडायची ही त्याची वाट आहे.

हा नियम रात्री जाहीर करू नका. सुट्टीच्या दुपारी, शांतपणे, दोन आठवड्यांचा प्रयोग म्हणून मांडा आणि नोंदीचा कागद समोर ठेवा. आणि जे मूल आधी असं नव्हतं ते अचानक रात्री फोनला चिकटून राहू लागलं, फोन वाजला की दचकू लागलं, तर फोन काढून घेण्याआधी काय झालंय ते विचारा. कोणी त्रास देत असेल, धमकावत असेल, तर तिथे प्रश्न झोपेचा नाही.

लहान मूल पुन्हा पुन्हा उठून येतं तेव्हा

पाणी, लघवी, एक पापा, भीती वाटते, एक विचारायचं राहिलं. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी चिठ्ठीची युक्ती चांगली चालते. झोपताना मुलाला दोन चिठ्ठ्या द्या. प्रत्येक चिठ्ठी एका छोट्या बाहेर येण्यासाठी. चिठ्ठ्या संपल्या की न बोलता, न रागावता हात धरून परत अंथरुणात न्यायचं, कितीही वेळा. सकाळी चिठ्ठी उरली असेल तर त्या रात्रीची गोष्ट मुलाने निवडायची. पहिल्या दोन-तीन रात्री मूल जास्तच ताणून धरतं; बहुतेक पालक इथेच हार मानतात, आणि मग मुलाला कळतं की आणखी जोर लावला की काम होतं.

कोणी शेजारी बसल्याशिवाय डोळाच मिटत नसेल तर खुर्ची वापरा. तीन रात्री पलंगाशी, तीन रात्री खोलीच्या मध्यावर, तीन रात्री दाराशी, मग दाराबाहेर.

किशोरवयीनांशी बोलताना

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय" या वाक्यानंतर पुढचं काही ऐकलं जात नाही. "सकाळी पहिल्या तासाला तुला कसं वाटतं?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मूल ज्यासाठी धडपडतं त्याच्याशी झोप जोडा: मैदानावरचा वेग, चाल पाठ होणं, कोणावर विनाकारण न खेकसणं. उठण्याची वेळ आणि फोनची जागा या दोन गोष्टी पालकांनी आपल्याकडे ठेवाव्या. बाकीचं म्हणजे अभ्यासाचा क्रम, अंघोळ कधी, आठवड्यातली उशिराची एक रात्र कोणती, हे त्याला ठरवू द्यावं. ठरलेलं मोडलं तर त्याच रात्री वाद घालू नका; दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाक्यांत बोला.

अभ्यास, चहा-कॉफी, डुलकी

दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. झोप तोडून केलेला शेवटचा तास आधीच्या चार तासांचा तोटा करू शकतो. पुस्तक दिवा बंद होण्याच्या पाऊण तास आधी मिटायचं. अवघड विषय आधी, स्क्रीनवरचा गृहपाठ त्यानंतर, कागदावरचा सर्वांत शेवटी. तरीही रोजच उरत असेल तर आठवडाभर कोणत्या विषयाला किती मिनिटं गेली ते लिहा आणि तो कागद घेऊन शिक्षकांना भेटा. "फार गृहपाठ असतो" या तक्रारीपेक्षा त्या आकड्यांवर बोलणं सोपं जातं.

कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, म्हणजे झोपेची भूक असूनही ती जाणवत नाही. ते शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारच्या कपातलं निम्मं नऊला अंगात असतं. दुपारनंतर कॉफी, चहा, कोला नको. एनर्जी ड्रिंक मुलांना कधीच नको. डुलकी घ्यायचीच तर वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, आणि दुपारी साडेतीनच्या आत.

अंथरुणात पडूनही झोप येत नाही तेव्हा

वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठावं, मंद उजेडात काहीतरी संथ करावं आणि डोळे जड झाले की परत यावं. घड्याळ दिसेल असं ठेवू नका. उरलेले तास मोजत बसलं की झोप आणखी लांब पळते. दारातून "झोप लागली का?" असं विचारूही नका.

काळज्या रात्री वर येतात, कारण दिवसभर त्यांना जागा मिळालेली नसते. म्हणून संध्याकाळी, अंथरुणापासून दूर, दहा मिनिटं कागद घेऊन बसवा. डावीकडे डोक्यात काय घोळतंय ते, उजवीकडे त्यासाठी उद्या करायची पहिली गोष्ट. "गणिताची वही हरवली" समोर "सकाळी बाईंना सांगणे". रात्री तोच विचार आला तर तो कागदावर आहे, एवढं स्वतःला सांगायचं.

मध्यरात्री दचकून उठणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींना वागणूक वेगळी लागते. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, स्वप्न सांगतं, त्याला जवळ घ्यावं. पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ते गाढ झोपेतून अर्धवट बाहेर आलेलं असतं. त्याला हलवून जागं करू नका, लागेल असं काही आजूबाजूला नाही ना ते पाहा आणि शांत होईपर्यंत जवळ थांबा. हा प्रकार अपुऱ्या झोपेने वाढतो. रोज ठरावीक वेळीच होत असेल तर त्याच्या वीसेक मिनिटं आधी मुलाला हलकेच हाक मारून किंचित जागवायचं आणि पुन्हा झोपू द्यायचं. दोन ते चार आठवडे हे केल्याने तो पुष्कळदा थांबतो. मूल झोपेत चालत असेल तर बाहेरचं दार आणि जिना आधी सुरक्षित करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री मूल मोठ्याने घोरतं, श्वास मध्येच अडकून धाप लागल्यासारखं दचकतं किंवा तोंड उघडं ठेवून झोपतं, तर नाक-घसा तपासून घ्या. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असू शकतात. जाण्याआधी घोरण्याचं एक-दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. झोपताना पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर रक्तातला लोहाचा साठा तपासायला हवा. पुरेशी झोप होऊनही मूल दिवसा कुठेही झोपतं, किंवा खळखळून हसताना त्याचे गुडघे एकदम लुळे पडतात, तर उशीर न करता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पद्धत नीट पाळूनही तीन महिने रात्री दोनच्या आत झोपच येत नसेल, तर झोपतज्ज्ञांची गरज आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली आणि जोडीला मित्र, खेळ, खाणं यांतला रस गेलेला असेल तर त्याकडे केवळ झोपेची तक्रार म्हणून पाहू नका. मरणाची, "मी नसतो तर बरं" अशी भाषा आली तर त्याच दिवशी मदत घ्या आणि मुलाला एकटं ठेवू नका.

मेलाटोनिनच्या (रात्र झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. त्यांचं काम मात्रेइतकंच घेण्याच्या वेळेवर ठरतं आणि चुकीच्या वेळी घेतलेली गोळी घड्याळ आणखी बिघडवू शकते.

सुट्टी संपताना

मोठ्या सुट्टीत घडी सैल होणारच, होऊ द्या. शाळा सुरू होण्याच्या दहा-बारा दिवस आधी उठण्याची वेळ दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणायला लागा, आणि उठल्या उठल्या मुलाला बाहेर काढा. झोपण्याची वेळ तीन-चार दिवस मागे राहील, तिच्यासाठी भांडू नका. शेवटचे दोन दिवस शाळेसारखेच घालवा: त्याच वेळी गजर, त्याच वेळी घराबाहेर. शाळेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी नवा क्लास, पाहुणे किंवा बाहेर जाणं ठेवू नका. त्या आठवड्यात मूल आठच्या सुमारास जांभया देऊ लागेल, तेव्हा ठरलेल्या वेळेची वाट न पाहता दिवा मालवा.